पहिला बेडूक कोणता?

आमच्या गावी बेडूक पाळावा लागत नाही. मृग लागला की तोच अंगणात येऊन ओरडतो. म्हणून न्यू जर्सीला भाच्याकडे गेलो तेव्हा दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, अंगठ्याच्या पेराएवढे बेडूक पाहून मी दोन पावले मागे सरलो. हे ‘डार्ट फ्रॉग’. कोलंबियातले एम्बेरा लोक या कुळातल्या काही बेडकांचे विष फुंकनळीच्या बाणांना लावत, एवढे मी वाचले होते.

‘‘घाबरू नका मामू,’’ भाचा म्हणाला. ‘‘विष रानातल्या मुंग्या नि बारीक किडे खाऊन येतं. पेटीत जन्मलेल्यांत ते नसतं.’’

त्याची सुरुवात मात्र चुकली होती. रंगाला भुलून त्याने तांबडा ‘स्ट्रॉबेरी’ बेडूक आणला, तोही रानातून पकडलेला. नखाएवढा जीव. पेटी घाईने लावलेली, त्याच्या तोंडात मावतील असे बारीक किडे पुरेनात. तीन आठवड्यांत गेला. हे सांगताना भाचा उगाचच काच पुसत होता.

या जातीची मादी एकेक पिल्लू पानांच्या बेचक्यातल्या पाण्यात नेऊन ठेवते आणि आपलीच अफलित अंडी त्याला खाऊ घालते. कवी माणूस मी, मला तोच बेडूक हवासा वाटला! पण नवशिक्याला तो झेपत नाही. त्याने पेटीत जन्मलेला, जरा मोठा, धीट बेडूक घ्यावा. भाच्याचे पट्टेवाले हे व्हेनेझुएलाकडचे ‘ल्युकोमेलास’. दिवसा उघड्यावर वावरतात, नराची शीळ पाखरासारखी. हिरवा-काळा ‘ऑरेटस’ही चालतो, पण लाजरा, दिसेलच असे नाही. निळा ‘टिंक्टोरियस’ देखणा आणि दणकट, फक्त त्यांच्या माद्या आपसांत भांडतात. वेगवेगळ्या जाती एका पेटीत कोंबू नयेत.

खरे काम बेडूक येण्याआधीचे. महिनाभर आधी पेटीत झाडे रुजवायची, ओल धरायची, आणि उडता न येणारी चिलटे बरण्यांत वाढवायची. ती कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यायची. बरणी बिघडली तर बेडूक उपाशी, म्हणून बरण्या दोन-तीन हव्यात. आणि गारवा हवा: पारा ३०च्या पुढे गेला की जिवावर बेतते. आमच्या मे महिन्यात हे बेडूक जगणे कठीण, म्हणून ‘‘एक जोडी घेऊन जा,’’ या थट्टेवर मी हसलोही नाही.

तिथे होतो तोवर चिलटांसाठी केळी कुस्करण्याचे काम माझ्याकडे होते.