सावडीला शाल कशाला?

आम्ही जुन्नर भागातल्या एका बचत गटाच्या बायका. गटात आम्ही तेराजणी आहोत. आज आमच्या सत्काराची गोष्ट सांगणार आहोत. तुम्हाला वाटेल, आल्या मिरवायला. तसं नाही. त्या सत्कारानं आमची एक मैत्रीण आमच्यापासून दुरावली होती, म्हणून सांगतोय. आणि हे तिला विचारूनच सांगतोय.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्यातल्या एका ताईचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. इकडे कांद्याचं रोप लागवडीला आलेलं. रोप काही माणसाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. जास्त दिवसांचं रोप लावलं की पुढं डोंगळे येतात, कांदा पोसत नाही. मजूर मिळेना. मग आम्ही बाराजणी भाकरी बांधून तिच्या रानात गेलो आणि दोन दिवसांत एक एकर लावून काढला. ताई बांधावर बसून आम्हाला चहा देत होती, चेष्टा करत होती. आम्हाला यात काही मोठं केलं असं वाटलं नाही. तिलाही वाटलं नाही.

पुढं ८ मार्चला गावात महिला दिनाचा कार्यक्रम झाला. आम्हाला अचानक पुढं बोलावलं. शाल, नारळ, फोटो. मागं मोठा फ्लेक्स, त्यावर आमची नावं. बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण माईकवरून त्यांनी ताईचं नाव घेतलं, तिचं कुठलं ऑपरेशन झालं ते सांगितलं, घरची परिस्थिती सांगितली आणि म्हणाले, या बायका धावल्या नसत्या तर त्या घराचं काय झालं असतं! टाळ्या वाजल्या. ताई आणि तिचे मालक तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

आम्हाला अवघडल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी अंगावर शाल घातली होती. नको नको म्हणत फोटोला उभ्या राहिलो, आणि रात्री तोच फोटो माहेरी पाठवला.

ताई पुढच्या दोन बैठकांना आली नाही. तिसऱ्या बैठकीला आली आणि अंतर्गत कर्ज मागितलं. ७,२०० रुपये. नियमाप्रमाणे आम्ही कारण विचारलं. ती म्हणाली, "तुमची मजुरी द्यायचीय. बाराजणी, दोन दिवस, तीनशे रुपये रोज. हिशोब बरोबर आहे ना?"

कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. एकजण म्हणाली, "अगं, आम्ही पैशासाठी आलो होतो का?" तेव्हा ती म्हणाली, "पैशासाठी नव्हता आलात. पण शालीसाठी तरी आला होतात का? मी समजले, सावड आहे. उद्या तुमचं अडलं की मी येईन. आता साऱ्या गावात ते उपकार झालेत. उपकार कसे फेडायचे ते मला येत नाही. मजुरी फेडता येते."

मैत्रिणींनो, तेव्हा कुठं आम्हाला आमच्या अवघडलेपणाचं कारण कळलं. आम्हाला वाटत होतं, आम्ही लाजतोय. ती लाज नव्हती. दोघींची असलेली गोष्ट एकटीच्या नावावर चढली, याची ती बोच होती.

आपल्याकडे सावड जुनी आहे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. कुठं इर्जिक करायचे, ज्याचं काम त्यानं सगळ्यांना जेवायला घालायचं. त्यात कुणी दाता नाही, कुणी गरजू नाही. पाळी तेवढी आज हिची, उद्या तिची. सावडीचं कौतुक केलं की एक वर चढते आणि दुसरी खाली उतरते.

त्या कार्यक्रमात टेबलावर सावित्रीबाईंचा फोटो होता. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडलेल्या विधवांना त्यांनी काय कळवलं होतं? इथं या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. म्हणजे मदतीच्या आधी त्यांनी त्या बाईची अब्रू सांभाळली. आम्ही त्याच फोटोला हार घातला आणि समोर आमच्या मैत्रिणीची झाकली मूठ उघडी पडताना गप्प उभ्या राहिलो.

मग आम्ही काय केलं? कर्ज दिलं नाही. इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला की लागवडीचे ते दोन दिवस सावडीचे होते आणि ताईकडे पाळी बाकी आहे. तिनं सही केली. एप्रिलमध्ये एकीचा कांदा काढायला आला. ताईला अजून वाकता येत नव्हतं. तिनं सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी आणली आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "माझी पाळी फिटली बरं का!" त्या दिवशी ती पहिल्यासारखी हसली.

आता आम्ही तीन गोष्टी पाळतो. एक, कुणी कौतुक केलं तर "छे, त्यात काय एवढं" म्हणत नाही. तसं म्हटलं की जिच्यासाठी केलं तिची अडचणही किरकोळ ठरते. "बरं वाटलं" म्हणायचं आणि थांबायचं. दोन, लगेच सांगायचं की ही आमची सावड आहे, आमच्या वेळेला तीही येते. तीन, जिला मदत झाली तिला विचारल्याशिवाय नाव नाही, फोटो नाही, दुखण्याचा उल्लेख तर नाहीच. माईक कुणाच्याही हातात असो, मध्येच उठून "तेवढं राहू द्या" म्हणायचं. हे आम्हाला त्या दिवशी जमलं नाही. आता जमतं.

ताईचं ऑपरेशन कुठलं होतं, हे आम्ही आज सांगितलं नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल. ती म्हणाली, बाकी सगळं सांगा, तेवढं नको.

तुमच्या गटातही कुणाची तरी पाळी बाकी असेल. येत्या बैठकीत वही उघडून बघा.