पांजरपोळ का भरतो?

(पापडी येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे. काही वाक्ये नीट केली आहेत, एवढेच.)



मी काय बोलू असे विचारले तेव्हा आपले सेक्रेटरी साहेब म्हणाले, "तुम्ही सारा जन्म ढोरांत काढलात, त्यावरच बोला." ते थट्टेने म्हणाले, पण मी मनावर घेतले. माझी नोकरी पशुसंवर्धन खात्यात झाली, पशुधन पर्यवेक्षक म्हणून. म्हणजे मी डॉक्टर नव्हे. पण गावोगाव लोक मला ढोरांचा डॉक्टर म्हणत आणि खरे सांगायचे तर मीही कधी दुरुस्ती केली नाही. निवृत्त झाल्यावर काही वर्षे मी एका प्राण्यांच्या निवाऱ्यात मदतीला जात होतो. नाव घेत नाही. तिथली माणसे वाईट नव्हती, जागा कमी होती.

या निवाऱ्यांबद्दल एक वाक्य मी फार ठिकाणी ऐकले आहे. शिकलेली, चांगली माणसे म्हणतात, "काय करणार हो, आजूबाजूला सगळी गरीब वस्ती. हे लोक कुत्री पाळतात आणि कंटाळा आला की सोडून देतात. म्हणून निवारे भरतात." मलाही तसेच वाटायचे. ते का चुकीचे आहे हे मला एका बाईने शिकवले, आणि तिला मात्र मी खोटे सांगितले. ती हकिगत आधी सांगतो.

त्या बाई इथेच पापडीला भाड्याच्या खोलीत राहत. एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला जात. त्यांची एक कुत्री होती, राणी. रंगाने तांबूस, साधी गल्लीतली. एका रविवारी राणी आणि तिची चार पिले घेऊन त्या आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर दादा, महिनाभर ठेवून घ्या. अकरा महिने भरले, मालक खोली खाली करा म्हणतो. नवीन मालकाला कुत्रं चालत नाही. दुसरी खोली बघते आणि घेऊन जाते." मी त्यांना ऐकवले, "मावशी, हा विचार आधी करायचा असतो." आणि ठेवून घेतली.

वीस कुत्र्यांच्या जागेत तेव्हा सत्तर कुत्री होती. नवव्या दिवशी पिलांना रक्ताचे जुलाब सुरू झाले. लोक ज्याला गॅस्ट्रो म्हणतात तोच, पार्व्हो. चारही गेली. राणीला दुसरे दुखणे झाले, डिस्टेंपर, तेही शेजारच्या पिंजऱ्यातून आलेले. ती आणखी दहा-बारा दिवस जगली. महिना भरायला दोन दिवस असताना बाई आल्या. कागदात चपाती गुंडाळून आणली होती. खोली मिळाली होती. मी सांगितले, "मावशी, तिला एका चांगल्या घरी दिली." त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं, मोठं घर मिळालं तिला," आणि चपाती दुसऱ्या कुत्र्याला घालून गेल्या. पुढे नालासोपाऱ्याकडे राहायला गेल्या असे कळले. पंचशील घेताना चौथ्या शीलाला माझी जीभ अजून अडखळते.

आता हिशेब करा. राणी निवाऱ्यात का आली? बाईंना माया नव्हती म्हणून? तिची नसबंदी दोन वर्षांपूर्वी झाली असती तर पिले नसती. नसबंदी सरकारी खर्चाने होते, मान्य. पण गाडी येते कामाच्या दिवशी, आणि कुत्रीला धरून द्यायला घरात माणूस लागतो. बाईंची एक हजेरी बुडाली की दोन दिवसांचा बाजार बुडतो. खासगी दवाखान्यात जावे तर काही हजार रुपये. लस टोचलेली असती तर ती निवाऱ्यातही कदाचित वाचली असती. आणि मुख्य म्हणजे महिनाभर डोक्यावर पत्रा मिळाला असता तर निवाऱ्यात यायचे कारणच नव्हते. म्हणजे कमी काय पडले? एक शस्त्रक्रिया, दोन सुया, आणि तीस दिवसांची जागा. निवारा हे शेवटचे स्टेशन आहे, मित्रहो. मधली सगळी स्टेशने बंद असली तर गर्दी शेवटच्यालाच होणार.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिण भागात गरिबांची वस्ती मोठी आहे. तिथल्या सरकारी निवाऱ्याच्या दाराशी २०१३ साली लोरी वाइज नावाच्या बाईंच्या संस्थेने एक साधे काम सुरू केले. कुत्रे सोडायला आलेल्या माणसाला आत जाण्याआधीच विचारायचे, का सोडता? कोणाकडे औषधाला पैसे नाहीत, कोणाचे कुंपण मोडले म्हणून कुत्रे बाहेर जाते, कोणाचा घरमालक नको म्हणतो. तिथल्या तिथे तेवढी अडचण भागवली की पुष्कळ लोक आपले जनावर घेऊन घरी परत जात. ज्यांना लोक बेफिकीर समजत होते त्यांना मदत हवी होती, एवढेच निघाले. श्रीमंत देश तो, आणि घरमालक मात्र आपल्या पापडीचाच!

दुसरी गोष्ट रजिस्टरची. निवाऱ्यात जनावर आले की नोंद होते. त्यात "कुठे सापडले" हा रकाना असतो. "कोणी सोडले" हा रकाना नसतो, कारण सोडणारा नाव सांगायला थांबत नाही. निवारे बांधले जातात जिथे जमीन स्वस्त तिथे, म्हणजे वस्तीच्या कडेला, खाडीच्या बाजूला. रात्री गाडी येते, फाटकाला दोरी बांधते आणि निघून जाते. सकाळी आम्ही पाहायचो तर कधी लॅब्रॅडोर, कधी पामेरियन, एकदा तर निळ्या डोळ्यांचा हस्की, वसईच्या मे महिन्यात! २००३ साली मोबाइलच्या जाहिरातीत पग आला तेव्हा घरोघरी पग आले, आणि हौस फिटल्यावर काही फाटकालाही आले. आता सांगा, झोपडीत राहणाऱ्याने हस्की कुठून आणायचा? पण नोंद होते: सापडल्याचे ठिकाण, अमुक झोपडपट्टी. मग कोणीतरी त्या नोंदींची बेरीज करतो आणि म्हणतो, गरीब लोक जनावरे फार सोडतात.

आलेले जनावर जाते कुठे, हेही पाहा. रोज दोन आली आणि एक गेले, तर पन्नास जागांचा निवारा पन्नास दिवसांत भरतो. पिलू कोणीही नेतो. तीन पायांचे, आंधळे, कंबर मोडलेले कोणी नेत नाही, ते तिथेच म्हातारे होते. टॉवरमधल्या लोकांना जातवंत हवे असते. (जातवंत हा शब्द कुत्र्याच्या बाबतीतही मला खुपतो, असो.) गल्लीचे कुत्रे खरे तर गल्लीनेच सांभाळलेले असते. कोणी एकाचे नाही आणि सगळ्यांचे आहे. चाळ पाडून इमारत उठते तेव्हा माणसांना भाडे मिळते, कुत्र्याला काही मिळत नाही. तेच मग "मोकाट" ठरते.

पांजरपोळ हा आपल्याकडचा जुना शब्द. १८३२ साली मुंबईत सरकारी हुकुमाने कुत्री मारली जात होती. दर कुत्र्यामागे बक्षीस होते, म्हणून पकडणारे पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. ६ जूनला पारशी लोकांनी दंगा केला, बाजार बंद पडला. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि व्यापारी शेठ मंडळींनी भुलेश्वरला पांजरपोळ काढला. जीव वाचवायची जागा म्हणून तो निघाला, ही चांगलीच गोष्ट. पण जनावर रस्त्यावर का येते, याचे उत्तर कोणत्याही पांजरपोळात सापडत नाही. एक भरला की दुसरा काढायचा. चेंबूरचा पांजरापोळ तर आता लोकांना फ्रीवेच्या नाक्यामुळेच ठाऊक आहे.

कुत्र्यांचे झाले. गुरांचे गणित याहून अवघड आहे, आणि ते मी खात्यात असताना गोठ्यात उभे राहून पाहिले आहे. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला बंदी होती, पण कामातून गेलेला बैल दाखला घेऊन विकता येत असे. शेतकरी तो विकायचा, त्यात थोडी भर घालायचा आणि नवा घ्यायचा. ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीत आले. कायदा बरा की वाईट हे बोलायला मी उभा नाही, गोठ्यातला हिशेब सांगतो. बैल दहा-बारा वर्षे काम करतो आणि अठरा-वीस वर्षे जगतो. मधली वर्षे त्याला कोणी घालायचे? त्यात संकरित गायीचा गोऱ्हा. त्याला वशिंड नाही, मानेवर जू नीट बसत नाही, आणि शेतात ट्रॅक्टर आला. दोन एकरवाला शेतकरी डोळे पुसतो आणि रात्री जनावर दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडून येतो. ते येते हायवेवर, तिथून कोंडवाड्यात, तिथून गोशाळेत. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने गोशाळेतल्या देशी गायीसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. संकरित गोऱ्हा त्यात बसत नाही. आणि पन्नास रुपयांत मोठ्या जनावराचे पोट भरत नाही, हे पेंढा विकत घेणाऱ्या कोणालाही विचारा. २०१९ च्या पशुगणनेत देशात मोकाट गुरे सुमारे ५० लाख आणि मोकाट कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख मोजली गेली. एवढ्यांना पुरतील असे पिंजरे कोणता देश बांधील?

आणि या शेवटच्या टोकाला काम कोण करतो, हे आपल्या समाजाला सांगायला नको. मेलेले ढोर ओढण्याचे काम पिढ्यान्पिढ्या कोणाच्या माथी होते? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून सांगितले, तेव्हा गावगाड्याला पहिल्यांदा कळले की ढोर मेल्यावर आपोआप नाहीसे होत नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांना मारहाण झाली, आणि मग तिथल्या लोकांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढे आणून टाकली. तेव्हाही तेच कळले. मी जात होतो त्या निवाऱ्यात सत्तर कुत्र्यांची घाण काढणारी पोरे त्याच शेजारच्या वस्तीतली होती, ठेकेदाराकडे रोजावर. हातात मोजे नाहीत. या कामावरच्या माणसाला रेबीजची लस चावण्याआधीच द्यायची असते, ती दिलेली नाही. दोन महिन्यांत पोरगा काम सोडून जाई. मग पिंजरे धुतले जात नसत आणि रोग फिरे. गर्दीचे हेही एक कारण, पण ते अहवालात येत नाही.

आपण सोपाऱ्याच्या शेजारी राहतो. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्याला मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, आपल्या भुईगावला. दुसरा लेख इथे मिळालेला नाही, तो गिरनारला आणि इतरत्र आहे. त्यात राजा काय सांगतो? माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे लावल्या, वाटेवर विहिरी खणल्या, झाडे लावली. आपण भाषणांत सांगतो की अशोकाने जनावरांचे दवाखाने बांधले. लेखात इमारतीचा शब्द नाही. उपचार, पाणी आणि सावली आहे. जनावर जिथे आहे तिथे. मी खात्यात तीस वर्षे काढली आणि हा फरक निवृत्तीनंतर माझ्या लक्षात आला.

कायदाही आज जवळपास तेच म्हणतो. २०२३ च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि त्याला होते त्याच जागी सोडायचे. ही जबाबदारी स्थानिक संस्थेची. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा हुकूम दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला: रेबीज झालेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची परत सोडा. ७ नोव्हेंबरला पुन्हा आदेश झाला की शाळा, इस्पितळे, बस डेपो, रेल्वे स्टेशने इथली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका. पोराला कुत्रे चावले की आईचे काय होते हे मी पाहिले आहे, तेव्हा या आदेशांना मी नावे ठेवणार नाही. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, आणि कुत्रे चावते ते बहुधा पायी चालणाऱ्या गरिबालाच. पण आदेश कागदावर चार ओळींचा असतो. निवारा पुन्हा कुठे बांधणार? जिथे जमीन स्वस्त तिथेच.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक छोटी गोष्ट ठेवली आणि त्यांनी ती मान्य केली. महापालिकेला आणि एखाद्या डॉक्टरांना विनंती करून लसीचा कॅम्प विहाराच्या अंगणात घ्यायचा, आणि तो रविवारी, म्हणजे कोणाची हजेरी बुडणार नाही. तरुण मंडळाने गल्लीवार वही करायची: माद्या किती, नसबंदी झालेल्या किती, खाऊ कोण घालते. जी बाई खाऊ घालते तिच्या हाकेला कुत्री येते, जाळी घेऊन धावायला नको. त्याच वहीत मागच्या पानावर दुसरी यादी: कोणाची खोली बदलणार आहे, आणि महिनाभर जनावर कोण ठेवून घेईल. माझ्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे दोन कुत्री राहतील, ते मी लिहिले आहे. आणखी तीन-चार जागा तरी हव्यात. वही बाहेर चपला ठेवतो तिथल्या टेबलावर आहे, पेन दोऱ्याने बांधले आहे. जाताना नाव लिहून जा.

जयभीम. नमो बुद्धाय.