केसपेपरवरचं नाव, निबंधावरचं नाव



बाळ जन्मलं की मिनिटभराने आणि पुन्हा पाच मिनिटांनी केसपेपरवर नोंद होते: अ‍ॅपगार ८, अ‍ॅपगार ९. पाच लक्षणांची आद्याक्षरं म्हणून विद्यार्थी हा शब्द पाठ करतात. मुळात ते एका डॉक्टर बाईंचं आडनाव आहे. व्हर्जिनिया अ‍ॅपगार न्यूयॉर्कच्या कोलंबियात सर्जरी शिकत होत्या. विभागप्रमुख अ‍ॅलन व्हिपल यांनी त्यांना सर्जरी सोडून भूलशास्त्राकडे जायला सुचवलं. त्या गेल्या, आणि १९५३ साली नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत त्यांनी छापली. निबंधावर लेखक म्हणून त्यांचं एकटीचं नाव होतं.

सर्जरीच्या निबंधांवर स्त्रियांची नावं किती, हे मोजलं गेलेलं आहे. २००६ साली रेश्मा जगसी आणि सहकाऱ्यांनी सहा मातब्बर वैद्यकीय नियतकालिकांतल्या अमेरिकी डॉक्टर लेखकांचा पस्तीस वर्षांचा हिशेब मांडला. निबंधावर पहिलं नाव सहसा सर्वाधिक राबलेल्याचं असतं, शेवटचं काम उभं करणाऱ्या वरिष्ठाचं. बढतीच्या वेळी ही दोन टोकंच आधी पाहिली जातात. १९७० ते २००४ या काळात पहिल्या जागेवरच्या स्त्रिया ५.९ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर गेल्या. ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’त मात्र २.३ वरून १६.७ वरच थांबल्या. शेवटच्या जागेवर तिथे २००४ मध्येही ६.७ टक्केच होत्या. त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये हा आकडा ३८ होता.

सर्जरीत बायकाच कमी, मग नावं येणार कुठून, हे उत्तर तयार असतं. ते अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं रेकॉर्ड रूममध्ये सापडतं. रात्रीची ड्यूटी उतरल्यावर एखादी रेसिडेंट धूळ खाल्लेल्या फायली उपसते, एकेक केस एक्सेलमध्ये भरते, रुग्णांना फोन करून फॉलोअप घेते. मसुदा मात्र तिच्यापर्यंत येतच नाही. शेवटी ‘लिहिण्यात तिचा हात नव्हता’ म्हणून तिचं नाव आभारांत जातं. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम उलट सांगतो: ज्याने कामात भरीव वाटा उचलला, त्याला मसुदा लिहिण्याची, तपासण्याची आणि संमती देण्याची संधी मिळालीच पाहिजे.

हा अन्याय फक्त बायकांच्याच वाट्याला येतो असंही नाही. निळ्या पडणाऱ्या बाळांवरची पहिली शस्त्रक्रिया १९४४ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये झाली. कल्पना हेलन टॉसिग यांची होती. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती बसवणारे विवियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होते, आणि त्या दिवशी सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या मागे उभं राहून ते सूचना देत होते. १९४५ च्या निबंधावर ब्लेलॉक पहिले, टॉसिग दुसऱ्या. थॉमस यांचं नाव नाही.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. कल्याणच्या यमुनेची लग्नानंतर आनंदी झाली, आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियात ती डॉक्टर झाली ती आनंदीबाई जोशी म्हणून. आजही लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदललं, की आधीचे निबंध एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्या नावावर राहतात. शोधयंत्राला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. ‘ऑर्किड’ (ORCID) हा संशोधकाला मिळणारा सोळा अंकी ओळखक्रमांक हा घोळ टाळतो. तो फुकट मिळतो आणि काढायला पाच मिनिटं पुरतात.

आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरांपैकी काही जण लवकरच थीसिसचा विषय घेतील, काही वर्षांनी स्वतःच गाईड होतील. त्यांच्याकडे मागणं एवढंच. पहिली केस नोंदवण्याआधी एका कागदावर नावांचा क्रम लिहावा, कोण काय करणार हेही लिहावं, आणि सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. काम बदललं तर क्रम पुन्हा ठरवावा. मसुदा तयार झाला, की फायली उपसणाऱ्या रेसिडेंटला तो सगळ्यात आधी पाठवावा.