जपानी भाषाशाळा : पालकांशी चार गोष्टी
(गणेशोत्सवातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. भाषणाची सवय नाही. पण माझा भाचा, तोही मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, टोकियोत ताकादानोबाबा भागातल्या भाषाशाळेत शिकतो. त्याची कागदपत्रे मी जुळवली, म्हणून चिटणीसांनी मला उभे केले आहे.

‘जपानला चला, शिका आणि कमवा’ असे सांगणारा एक एजंट आपल्या कॉलनीतही येऊन गेला. विद्यार्थी व्हिसावर काम करता येते हे खरे. पण त्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि शाळा चालू असताना आठवड्याला 28 तासच. त्यात जेवणखाण व थोडेफार भाडे सुटेल. फीही त्यातूनच निघेल असे धरून कर्ज काढू नका. जास्त तास काम केले किंवा वर्गाला दांड्या मारल्या, तर व्हिसाची मुदत वाढणे कठीण. तिथली हजेरी आपल्या मस्टरपेक्षा कडक!

आता डिप्लोमावाल्यांनी नीट ऐकावे. भाषाशाळेत जास्तीत जास्त दोन वर्षे शिकता येते आणि तिच्या दाखल्यावर नोकरी मिळत नाही. इंजिनिअरच्या व्हिसाला साधारणपणे विद्यापीठाची पदवी लागते, नाहीतर त्या कामाचा 10 वर्षांचा अनुभव, किंवा जपानमधल्या ‘सेम्मोन गाक्को’ म्हणजे व्यवसाय शिकवणाऱ्या महाविद्यालयाचा अभ्यासक्रम. आपला डिप्लोमा पदवी म्हणून चालेल असे गृहीत धरू नका. म्हणजे दोन वर्षे भाषा आणि पुढे बहुधा दोन वर्षे सेम्मोन गाक्को. हा चार वर्षांचा हिशेब मी भावोजींसमोर मांडला, तेव्हा ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारले, “भाषेची सुरुवात इथेच नाही का करता येणार?”

करता येते, आणि करावीच. भाच्याने जाण्याआधी इथे बसून एन-5 व एन-4 या दोन परीक्षा दिल्या. मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. ‘मी भात खातो’ याला ते ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’ म्हणतात. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी, आणि आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय शब्दामागे. हिरागाना आणि काताकाना या लिप्यांची 46-46 मूळ अक्षरे महिन्याभरात येतात. खरा घाट कांजीचा. नेहमीच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजीच 2136 आहेत. पण त्यात गंमतही आहे : झाडाचे चिन्ह दोनदा काढले की वनराई, तीनदा काढले की अरण्य.

तिथले मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने पुकारा करतात. भाच्याने ते फोनवर सांगितले तेव्हा आमच्या लॉबीतली मंडळी खूश झाली.

कागदांचे थोडक्यात सांगतो. पात्रतेच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज शाळाच तिथल्या इमिग्रेशनकडे करते. खर्च उचलणाऱ्याचे उत्पन्न, बँकेतली शिल्लक आणि ती कुठून आली, हे सगळे तपासतात. चार दिवसांसाठी उसने पैसे खात्यात दाखवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. एप्रिलच्या तुकडीची तयारी आदल्या पावसाळ्यातच लागते. एप्रिल 2024 पासून भाषाशाळांना तिथल्या शिक्षण मंत्रालयाची मान्यता देण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. शाळा त्यात कुठे बसते ते विचारूनच पैसे भरा.

भाच्याची पूर्ण फाईल मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी आरतीनंतर मंडपामागच्या खोलीत यावे.