बदलीच्या नोकरीत गुलाब



"आज इथे, उद्या बदली, गुलाब कशाला?" असं सहकारी विचारतात. माझं उत्तर : कुंडी ट्रकमध्ये चढते!

रायपूरची कन्हार माती पाणी धरते, त्यानं मुळं कुजतात. रुळांखाली पाणी साचू देत नाही, तसंच कुंडीतही साचू देऊ नका. तळाला भोक हवं. मातीत वाळू व कुजलेलं शेणखत मिसळा.

डोळा भरलेलं कलम घ्या. सांध्याखालून फुटलेली फांदी कितीही जोमदार दिसो, काढून टाका. ती खुंटाची असते, कलमाला उपाशी ठेवते.

पाऊस ओसरला की दसऱ्याच्या सुमारास छाटणी करा. हात कचरतो, पण सुमारे ४५ दिवसांत फुलं येतात. मे महिन्यात मात्र फुलं मागू नका. दुपारी सावली देऊन झाड जगवा.

गव्हाचे थोर संशोधक डॉ. बी. पी. पाल १९६५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्यांनी गुलाबाच्या नव्या जातीही निर्माण केल्या. त्यांना वेळ मिळाला, तर ड्यूटीनंतर आपल्याला दहा मिनिटं नक्की मिळतील.

आणि बदली झालीच, तर एक कुंडी क्वार्टरमध्ये येणाऱ्या नव्या कुटुंबासाठी ठेवून जा.

गणपती बाप्पा मोरया!