संमोहन उपचार : आरोग्य, विवेक आणि आपण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त सोमेश्वरनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘संमोहन’ हा शब्द ऐकताच आपल्यापैकी अनेकांच्या मनात शंका आली असेल. आपल्या तत्त्वज्ञानात मोहनीय कर्म हे सर्व कर्मांत बलवान मानले आहे. मग ज्याच्या नावातच मोह आहे, ती गोष्ट आरोग्यास हितकारक कशी? शंका रास्त आहे. परंतु नाव आणि वस्तू यांत येथे मोठे अंतर आहे.

स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४३ साली या विषयावरील ग्रंथ लिहिला आणि ग्रीक भाषेतील निद्रावाचक शब्दावरून ‘हिप्नोटिझम’ हे नाव रूढ केले. पुढे हे नाव दिशाभूल करणारे आहे, असे त्यांनाच वाटू लागले. कारण ही झोप नसून एकाच कल्पनेवर मन स्थिरावणे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. संमोहित व्यक्ती ऐकत असते, बोलू शकते आणि नको असलेली सूचना नाकारूही शकते. जत्रेतील जादूगाराने उभे केलेले चित्र खरे नव्हे.

उपचारात घडते ते असे. प्रथम तज्ज्ञ रुग्णाचा पूर्ण इतिहास ऐकून घेतात. नंतर शरीर शिथिल करणे, श्वासावर लक्ष देणे, अशा पायऱ्यांनी मन एकाग्र केले जाते. त्या अवस्थेत वेदना, भीती किंवा सवय यांच्याशी संबंधित सूचना दिल्या जातात. पुढे रुग्ण घरी स्वतःच सराव करतो. त्यास स्वसंमोहन म्हणतात. महाराष्ट्रात प्रा. श्याम मानव यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यासोबत स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेऊन हा विषय लोकांपर्यंत नेला, हे आपण जाणताच.

या उपचाराच्या इतिहासात भारताचेही स्थान आहे. १८४५ साली बंगालमधील हुगळी येथे डॉ. जेम्स एसडेल यांनी अशाच पद्धतीने रुग्णांना वेदनामुक्त करून शस्त्रक्रिया करण्यास प्रारंभ केला. त्यांनी अशा शेकडो शस्त्रक्रिया केल्या. १८४६-४७ मध्ये ईथर व क्लोरोफॉर्म आले आणि ही पद्धत मागे पडली. तथापि वेदनेत मनाचा वाटा असतो, ही गोष्ट मात्र मागे पडली नाही. १९९७ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी मेंदूची छायाचित्रे घेऊन दाखविले की, वेदना कमी त्रासदायक वाटेल अशी सूचना दिली असता मेंदूतील संबंधित भागाचे कार्यही बदलते.

आज याचा लाभ कोठे होतो? आतड्याच्या दीर्घकालीन तक्रारीत, ज्याला डॉक्टर ‘आयबीएस’ म्हणतात, मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली उल्लेखनीय परिणाम दाखविले. औषधांनी वर्षभरात गुण न आलेल्या अशा रुग्णांसाठी संमोहनाचा विचार करावा, असे २००८ मध्ये ब्रिटनच्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितले. दातांच्या उपचारांची भीती, शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता, जुनाट वेदना यांतही त्याची मदत होते. मात्र तंबाखू सोडविण्याच्या बाबतीत, २०१९ पर्यंतच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला असता, अन्य उपायांपेक्षा संमोहन सरस असल्याचा पुरेसा पुरावा आढळला नाही. आपल्या ऊसपट्ट्यात मिश्री व तंबाखू घरोघरी आहे. म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एका बैठकीत व्यसन घालविण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे.

आता आपल्या समाजाशी निगडित अशा मुद्द्याकडे वळतो. अलीकडे संमोहनाद्वारे पूर्वजन्म दाखविण्याचे प्रयोग होतात आणि त्यास जातिस्मरण म्हटले जाते. भोळ्या श्रद्धेने आपली माणसे तेथे जातात, मोठी रक्कम देतात. आपल्या शास्त्रात जातिस्मरण हा मतिज्ञानाचा प्रकार मानला आहे. मेघकुमाराची कथा आठवा. भगवान महावीरांच्या वचनाने त्यास पूर्वभवातील हत्ती आठवला. सशाचा जीव वाचावा म्हणून त्या हत्तीने उचललेला पाय खाली ठेवला नव्हता. त्या स्मरणाचे फळ काय? डळमळलेला साधू संयमात स्थिर झाला. पैसे देऊन पाहिलेल्या चित्राने असे काय घडते, हे ज्याने त्याने तपासावे.

शिवाय वैद्यकीय बाजूही आहे. संमोहित अवस्थेत कल्पनाशक्ती प्रबळ होते आणि कल्पिलेले चित्र आठवण म्हणून मनात बसू शकते. संमोहनात आलेल्या आठवणी अधिक विश्वसनीय नसतात, असे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या परिषदेने १९८५ साली नमूद केले. एखाद्या सुनेस ‘गतजन्मी सासूने तुझा छळ केला’ असे चित्र दिसले, तर या जन्मीचा संसार उद्ध्वस्त होईल. अनेकान्त मानणाऱ्यांनी एका चित्रावर अंतिम सत्याचा शिक्का मारू नये.

आणखी एक सावधगिरी. भ्रम, संशय, कानात आवाज येणे अशी लक्षणे असतील, तर संमोहनाच्या मागे न लागता प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. अशा आजारात संमोहनाने त्रास वाढू शकतो. मधुमेह, रक्तदाब, फिट यांची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. संमोहन करणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. गळीत हंगामाची धावपळ, कर्जाची चिंता, मुलांच्या परीक्षा यांनी खचलेला माणूस घरातच गप्प बसतो, कारण ‘लोक वेडा म्हणतील’ ही भीती असते. ही भीती आपण सर्वांनी मिळून घालविली पाहिजे.

आपल्याकडे सहा आवश्यकांत कायोत्सर्ग आहे. देहाचे ममत्व सोडणे व आत्मशुद्धी हे त्याचे ध्येय. उपचाराचे ध्येय केवळ आरोग्य. दोन्हींची गल्लत करू नये. परंतु शरीर स्थिर करून मन सावध ठेवण्याची सवय ज्यास आहे, त्यास या उपचाराचे भय वाटण्याचे कारण नाही. रुग्णास योग्य वैद्याकडे पोहोचविणे हेही वैयावृत्त्यच आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने आपल्या परिचयातील अशा एका गप्प बसलेल्या माणसाची आपुलकीने विचारपूस करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!