बोहारणीला देण्याआधी कोट उलटा करून बघा

आम्ही परळ-लालबागच्या एका महिला बचत गटाच्या बायका. आमच्यातल्या बहुतेकींची गावं सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडची, तेव्हा आम्ही काही परक्या नाही. आज आम्ही एका जुन्या कोटाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. मुंबईच्या घामात कोट कोण घालतं, असं आम्हीही म्हणत होतो. पण या कोटानं आमच्या गटाला दोन पैसे मिळवून दिले, आणि त्याआधी एक चांगला धडाही दिला.

झालं असं. गणपतीच्या आधी आमच्या एका काकूंनी घर साफ करायला काढलं. माळ्यावरच्या ट्रंकेत सासऱ्यांचा कोट निघाला. गुडघ्याखाली येणारा, मातकट रंगाचा, कमरेला पट्टा. दारात बोहारीण आली होती. कोट आणि दोन साड्यांवर स्टीलचं पातेलं द्यायला ती तयार झाली. तेवढ्यात आतून सासरे म्हणाले, "सूनबाई, तो द्यायचा नाही." त्यांनी तो चोरबाजारात जुनाच घेतला होता, पावसाळ्यातल्या रात्रपाळीसाठी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या दिवसांत घरातली भांडी विकली, पण कोट ठेवला. अण्णा साचेखात्यात होते, म्हणजे जिथं माग चालतात तिथं. त्यांना कापड कळतं. त्यांनी आम्हां चौघींना बसवून तो कोट उलटा करून दाखवला. तिथून आमची शिकवणी सुरू झाली.

या कोटाला ट्रेंचकोट म्हणतात. ट्रेंच म्हणजे खंदक. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात इंग्रजी फौजेचे अधिकारी चिखल-पावसाच्या खंदकात हा घालत, म्हणून हे नाव पडलं. तो साहेब लोक स्वतःच्या पैशानं विकत घेत, साध्या शिपायाला तो मिळत नसे. आपल्याकडची मराठा पलटणीतली माणसं त्याच युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढली. साताऱ्याकडच्या बायकांना हे नव्यानं सांगायला नको. तुमच्या आपशिंगे गावाच्या नावापुढं तर मिलिटरी हा शब्दच लागला आहे.

कोटापेक्षा त्याच्या कापडाची गोष्ट मोठी आहे. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबर घालून पाणी न शिरणारं कापड केलं. पाणी थांबलं, पण आत घाम कोंडायचा आणि रबराचा वास यायचा. मग १८७९ मध्ये थॉमस बर्बरी या कापडाच्या दुकानदारानं गॅबर्डीन काढलं. त्यानं धाग्यालाच विणण्याआधी पाणी न शोषणारा हात दिला आणि वीण इतकी घट्ट ठेवली की थेंब वरून घरंगळावा, पण वारा खेळावा. आपल्या घोंगडीचं काय वेगळं आहे? मेंढीच्या लोकरीत अंगचं तेल असतं, म्हणून घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली की रिमझिम पाऊस वरच्या वर निथळतो. जे साहेबानं कारखान्यात केलं, ते आपला धनगर मेंढरामागं चालता चालता वापरत आला आहे.

आता मुख्य गोष्ट. जुना कोट घेताना किंवा देताना काय बघायचं?

पहिलं, कापड उजेडात धरा. गॅबर्डीनवर बारीक तिरक्या रेघा दिसतात. बोटाला ते गुळगुळीत आणि भरीव लागतं. चुरगळून सोडा. चांगलं कापड लवकर सरळ होतं.

दुसरं, घडण बघा. पुढं बटणांच्या दोन रांगा, खांद्यावर पट्ट्या, मनगटाला आवळायचे पट्टे, छातीवर एका बाजूला जादा पदर, पाठीवर पाणी ओघळून जावं म्हणून सुटी झालर, आणि कमरपट्ट्याला धातूच्या कड्या. विकणारा सांगतो, या कड्यांत सैनिक बाँब अडकवत. ऐकून घ्यावं, पण त्या गोष्टीचे जास्त पैसे देऊ नयेत.

तिसरं, बटणं. जुन्या चांगल्या कोटाची बटणं पुष्कळदा शिंगाची असतात. शिंगाचं एक बटण दुसऱ्यासारखं हुबेहूब नसतं, रेषा वेगळ्या असतात. सगळी अगदी एकसारखी असली तर बहुधा प्लास्टिकची. एखादं बटण नसलं तरी चालतं, पण कमरपट्टा हरवलेला असला तर भाव निम्मा करून मागा.

चौथं, आणि हे विसरू नका, कोट उलटा करा. अस्तर काखेत फाटतं आणि घामानं कुजतं. काखेची शिवण दोन बोटांनी हलकेच ताणा. टाके उसवले असतील तर दुरुस्ती सोपी. कापडच विरलं असेल तर कोट खाली ठेवा. कॉलरखाली आणि खिशाच्या तळाशी कसर लागली आहे का बघा. वास घ्या. कुबट वास उन्हावाऱ्यानं जातो, पण बुरशीचे काळे ठिपके जात नाहीत.

पाचवं, कंपनीची पट्टी. ती दुसऱ्या कोटावरून काढून शिवलेली असू शकते. पट्टीच्या कडेला जुन्या टाक्यांची भोकं दिसली, दोरा नवा चकचकीत दिसला, तर समजून जा.

हे सगळं आम्हांला आज पाठ आहे. पण पहिल्या खरेदीच्या वेळी अर्धंच ठाऊक होतं आणि उत्साह दुप्पट होता. एका व्यापाऱ्याकडं १० कोटांचा गठ्ठा होता. एकेक उघडून दाखवायला तो तयार नव्हता. घ्यायचा तर सगळा गठ्ठा, ६,००० रुपये. आम्ही बैठक न घेता, ठराव न करता, गटाच्या बचतीतून पैसे दिले. घरी येऊन गठ्ठा सोडला. तीन कोटांचं आतलं रबर वितळून चिकटलेलं, दोन लोकरी कोटांना कसर लागलेली, एकाची काख कुजलेली. धड निघाले चार.

त्या चारांवर अस्तर, बटणं, ड्रायक्लीन मिळून २,००० खर्च झाला. ते प्रत्येकी १,८०० ला गेले, म्हणजे ७,२०० आले. उरलेल्या सहांमधला चांगला भाग कापून ५ पिशव्या शिवल्या, त्यांचे ७५० आले. खर्च ८,०००, जमा ७,९५०. कागदावर तोटा ५० रुपयांचा. पण चौघींनी तीन आठवडे शिवण केली, त्याची मजुरी कुठं धरली? एक पैसाही नाही.

आणि याहून मोठा तोटा वहीत लिहिता येत नाही. त्याच आठवड्यात गटातल्या एका वहिनींनी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ५,००० रुपयांचं कर्ज मागितलं. गट कशासाठी काढला होता, तर याचसाठी. आणि पैसे अडकले होते कोटांच्या गठ्ठ्यात. वहिनींनी बाहेरून व्याजानं काढले. त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या बैठकीला वेळेवर आल्या, हप्ता दिला आणि कोपऱ्यात बसल्या. त्या दिवशी आम्हांला वर मान करता आली नाही. आम्ही सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि वहिनींचं व्याज आम्हां चौघींच्या खिशातून भरलं.

मग नियम केले. धंद्याचा पैसा वेगळा आणि कर्जाचा पैसा वेगळा. ठरावाशिवाय खरेदी नाही. खरेदीला तिघी जातील, एकीला कोट नको वाटला तर नको. एका वेळी तीनच कोट, आणि उलटा करून दाखवत नसेल तिथून घ्यायचाच नाही. मजुरी आधी धरायची, मग भाव ठरवायचा. आता चोरबाजारात शुक्रवारी पहाटे जातो, तेव्हा हातात बॅटरी आणि पिशवीत भिंग असतं. गिऱ्हाईक म्हणजे एकांकिका करणारी कॉलेजची मुलं, थंड मुलखात शिकायला जाणाऱ्या मुली, आणि जुन्या वस्तूंचे शौकीन. त्यांना आम्ही खरं सांगतो, की हा कोट रिमझिम पावसाचा आहे, मुंबईच्या धो धो पावसात भिजला तर पाण्यानं जड होईल.

मैत्रिणींनो, तुम्ही कोटाचा धंदा करा असं आमचं म्हणणं नाही. पण तुमच्या ट्रंकेतही काहीतरी असेल. फौजेतून आलेल्या आजोबांचा कोट, आजीची नऊवारी, हातमागाची घोंगडी. बोहारीण दारात आली की आधी ते उलटं करून बघा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. प्रत्येक जुनी वस्तू मोलाची नसते, हेही तितकंच खरं. विरलेलं कापड बोहारणीला जरूर द्या. उन्हातान्हात टोपली घेऊन फिरणारी तीही आपल्यासारखीच कष्टाची बाई आहे, आणि तिच्यामुळं कपडे वाया जात नाहीत. जगभरातले जुने लोकरी कपडे पानिपतला जातात, तिथं त्यांचा पुन्हा धागा काढून ब्लँकेटं होतात.

जे ठेवायचं, ते नीट ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमट होऊन बुरशी धरते. धुतलेल्या जुन्या धोतरात किंवा साडीत गुंडाळा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आणि दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरला की, वाऱ्यावर टाका. लोकरी आणि गॅबर्डीनचा कपडा सोड्यात भिजवू नका. ब्रशनं धूळ काढा, डाग तेवढा ओल्या फडक्यानं पुसा.

अण्णांचा कोट विकला का, असं आम्हांला सगळे विचारतात. नाही विकला. काकूंनी त्याचं अस्तर बदललं, बटण लावलं. अण्णा आता रात्रपाळीला जात नाहीत, पण पावसात दूध आणायला निघाले की तोच अंगावर असतो. आणि त्या वहिनींची मुलगी आता आमच्या गटाची हिशेबाची वही लिहिते. कोटाच्या पानावर तिनं सर्वांत वर लाल शाईनं लिहून ठेवलंय, "आधी ठराव, मग खरेदी." तुमच्या गटाच्या वहीतही ते लिहून ठेवा.